आपला श्वास स्वस्त नाही

सफाई कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

शहर साखरझोपेत असते तेव्हा तुमची हजेरी लागते. रस्त्यावरचे दिवे विझण्याआधी तुमचा खराटा फिरू लागतो. शहर जागे होते तेव्हा त्याला रात्रीची घाण दिसत नाही आणि ती उचलणारा माणूसही दिसत नाही. घाण तुम्ही उचलता. पण तिच्यातून उठणारी धूळ, तिच्यात मिसळलेली आजाऱ्यांची थुंकी, खोकल्याने भिजलेले रुमाल, वापरून भिरकावलेले मास्क, हे सारे जाते कुठे? ते तुमच्या नाकातून, घशातून, फुप्फुसात उतरते. शहर स्वच्छ होते आणि तुमचा श्वास मळतो. हा व्यवहार कोणी ठरवला? या करारनाम्यावर तुमचा अंगठा कधी उमटला होता?

एप्रिल २०२०. टाळेबंदीचे दिवस होते. एका महानगरातील सफाई चौकीत मी पहाटे उभा होतो. भिंतीवर खिळ्यांची ओळ, आणि प्रत्येक खिळ्याला एकेकाचा मास्क टांगलेला. त्यांतला एक मी जवळून पाहिला. मूळचा पांढरा रंग उडून तो राखेसारखा झाला होता. एका बाजूची पट्टी तुटली होती, तिथे जुन्या लुगड्याच्या काठाची चिंधी शिवली होती. टाके बारीक होते, नेटके होते. ज्या ताईंचा तो मास्क होता त्या म्हणाल्या, “तीन आठवड्यांमागं एकच मिळाला. रोज रात्री साबणानं धुते, वाळत घालते. दुसरा मागितला तर मुकादम म्हणतो, वरूनच आले नाहीत.” एवढे बोलून त्यांनी तो तोंडाला बांधला आणि त्या घंटागाडीमागे चालू लागल्या. पहिल्याच इमारतीखाली प्लास्टिकची पिशवी फाटली आणि त्यांच्या पायांशी औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, थुंकीने माखलेले कागद आणि कुणा आजाऱ्याचा वापरलेला मास्क येऊन पडला. त्यांनी तो हाताने उचलला. हातमोजा एकाच हातात होता.

ताईंच्या त्या मास्कची गोष्ट इथे संपत नाही. तो एन-९५ होता. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांपैकी किमान ९५ टक्के कण अडवतो म्हणून त्याचे नाव एन-९५. हे सामर्थ्य नुसत्या जाळीचे नसते. त्याच्या मधल्या थरातील तंतूंवर स्थिर विद्युतभार असतो आणि लोहचुंबकाने लोखंडाचा कीस ओढावा तसे ते तंतू कणांना ओढून धरतात. साबणपाण्याने हा भार नाहीसा होतो. म्हणजे ती माउली रोज रात्री, दिवसभराच्या श्रमाने मोडलेल्या हातांनी, आपलेच कवच धुऊन टाकत होती. आणि हे तिला कोणीही सांगितले नव्हते. पुरेसे मास्क द्यायला विसरले, हा पहिला अपराध. दिला तो कसा वापरायचा हे सांगण्याइतकेही तिला माणूस मानले नाही, हा दुसरा. आणि मी म्हणतो, दुसरा अपराध पहिल्याहून मोठा आहे.

त्याच्या महिनाभर आधी, २२ मार्चच्या संध्याकाळी, गॅलऱ्यांत उभे राहून देशाने थाळ्या वाजवल्या होत्या. पुढे १६ जानेवारी २०२१ रोजी देशात लसीकरण सुरू झाले, तेव्हा दिल्लीतील एम्समध्ये पहिली लस टोचून घेणारा माणूस सफाई कामगार होता. हा मान तुमच्या साऱ्या बांधवांचा होता आणि तो योग्यच होता. परंतु बंधूंनो, सन्मान एका सकाळचा आणि उपेक्षा बारमास, याला न्याय म्हणतात काय? थाळीच्या नादाने विषाणू अडत नाही. पहिल्या सुईचे छायाचित्र छापून आले. पण दुसऱ्या दिवशीच्या मास्कचे, तिसऱ्या महिन्याच्या तपासणीचे, पुढच्या वर्षीच्या लसीचे काय झाले, हे विचारायला कोणता कॅमेरा चौकीवर आला?

ही उपेक्षा आजची नाही. तिची मुळे खोल आहेत आणि ती आपण उकरून पाहिली पाहिजेत.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे सुपुत्र डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बघता बघता लाखो लोक मुंबई सोडून पळाले. पेढ्या बंद झाल्या, चाळी ओस पडल्या. त्या वेळी राज्यकर्त्यांना सर्वांत मोठी धास्ती कशाची वाटली? व्यापारी गेल्याची? सावकार गेल्याची? नाही. पालिका आयुक्त स्नो यांनी आपल्या अहवालात लिहून ठेवले ते मैला उचलणाऱ्या हलालखोर आणि झाडूवाल्या कामगारांविषयी. हे लोक निघून गेले तर हे शहर राहण्यालायक उरणार नाही, हे त्या साम्राज्याच्या अधिकाऱ्याला कळून चुकले होते. त्या धास्तीपोटी प्रशासनाला प्लेग रोखण्याचे आपले सक्तीचे उपाय आवरते घ्यावे लागले. ध्यानात घ्या, ज्यांना शहराने सावलीलाही उभे केले नाही त्यांच्या पायांवर शहर उभे होते. आपले पूर्वज थांबले, राबले, म्हणून मुंबई वाचली.

आणि त्याची परतफेड काय मिळाली? बावीस वर्षांनी, १९१८ साली, इन्फ्लुएन्झाची भयंकर साथ मुंबईच्या बंदरातून देशात शिरली. त्या साथीतील मुंबईच्या मृत्यूंची जातवार, धर्मवार नोंद झाली. युरोपियनांत दर हजारी सुमारे ८ माणसे दगावली. आणि ज्या रकान्यावर ‘खालच्या जातींचे हिंदू’ असे लिहिले होते, त्या रकान्यात दर हजारी ६१ हून अधिक. आठ आणि एकसष्ट! विषाणूला जात कळत नाही, त्याला कातडीचा रंग दिसत नाही. मग हा आठ आणि एकसष्टचा भेद केला कोणी? तो केला दहा बाय दहाच्या कोंदट खोलीने. तो केला अर्ध्या पोटाने. ताप अंगात असताना कामावर जायला लावणाऱ्या लाचारीने केला, आणि जिथे डॉक्टरचा पाय पोहोचत नव्हता त्या गल्लीने केला. रोग निसर्गाने आणला असेल. पण मरणाची ही वाटणी माणसांनी केली.

त्याआधीच्या प्लेगमधले आणखी एक दुःख मला सांगितलेच पाहिजे. १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. बरोबर दोन महिन्यांनी, १० मार्च १८९७ रोजी, पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करता करता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगाने गाठले आणि आपले छत्र हरपले. मुंढव्याच्या वस्तीतील आजारी मुलाला त्या माउलीने पाठीवरून दवाखान्यात आणले होते. लस नुकती जन्मली होती, तिला अजून पाय फुटले नव्हते, हे मी जाणतो. परंतु प्रयोगशाळा आणि वस्ती यांच्यामधले ते अंतर आज, सव्वाशे वर्षांनंतर, किती उरले आहे? पुण्यात बनलेली लस विमानाने खंडोपखंडी जाते. ती घंटागाडीमागे धावणाऱ्याच्या दंडापर्यंत पोहोचायला साथ पेटावी लागते, माणसे मरावी लागतात. सावित्रीबाईंचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला हे अंतर शोभते काय?

बंधूंनो, भगिनींनो, अन्यायाचा पाढा मी इथेच थांबवतो. कारण रडण्यासाठी आपण एकत्र आलेलो नाही. ज्ञान हे शोषितांचे पहिले शस्त्र आहे. म्हणून ज्या दोन वस्तूंसाठी मी तुम्हाला उठायला सांगतो आहे, त्या काय आहेत हे नीट समजून घ्या.

पहिली वस्तू मास्क. १९१०-११ च्या हिवाळ्यात चीनच्या मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे ६० हजार माणसे मारली. वू लिएन-तेह नावाच्या तरुण चिनी डॉक्टरने ओळखले की हा रोग श्वासावाटे पसरतो आहे, आणि कापूस व तलम जाळीच्या कापडाचे थर लावून त्याने मास्क बांधायला लावले. मेनी नावाच्या एका ज्येष्ठ फ्रेंच डॉक्टरांनी त्याचा अपमान केला, ते मास्क न लावता रुग्णांत गेले आणि काही दिवसांतच त्याच प्लेगने गेले. पदवी मोठी असली म्हणून रोग वाट सोडत नाही, हा त्या मृत्यूचा धडा आहे. आणि अलीकडचा दाखला हवा असेल तर आपल्या शेजारच्या बांगलादेशाचा घ्या. तिथे कोविडच्या काळात सहाशे गावांत अभ्यास झाला. निम्म्या गावांत फुकट मास्क वाटले, कसे लावायचे ते समजावले, गावच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः लावून दाखवले. मास्क नीट लावणारे १३ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले. जिथे सर्जिकल मास्क दिले त्या गावांत साठीच्या पुढच्या माणसांमध्ये लक्षणांसह होणारा कोविड सुमारे ३५ टक्क्यांनी घटला. गावातील निम्म्यांहूनही कमी माणसांनी मास्क लावला, तरी एवढा फरक पडला! मग चौकीवरच्या प्रत्येकाने लावला तर?

दुसरी वस्तू लस. लस घेतली की रोग शिवतच नाही, असे मी तुम्हाला खोटे सांगणार नाही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने २०२१ च्या लाटेत आपल्याच हजारो कर्मचाऱ्यांचा हिशेब मांडला. दोन्ही मात्रा घेतलेल्यांमध्ये कोविडची लागण ६५ टक्क्यांनी, रुग्णालयात भरती होण्याची वेळ ७७ टक्क्यांनी आणि अतिदक्षता विभागात जाण्याची वेळ ९४ टक्क्यांनी कमी झाली. याचा अर्थ तुमच्या भाषेत काय? अंगात कणकण येईल, दोन दिवस खाडा पडेल. पण घरातला कर्ता माणूस घरी परत येईल. ज्याच्या घरी पगाराशिवाय दुसरा आधार नाही त्याच्यासाठी ‘घरी परत येणे’ यापेक्षा मोठी संपत्ती कोणती?

कोविड ओसरला म्हणून श्वासाचे रोग ओसरले, असे समजू नका. फ्लू आपल्या महाराष्ट्रात पावसाबरोबर उसळतो. त्याचा विषाणू रूप पालटत राहतो, म्हणून त्याची लस दरवर्षी आणि पावसाळ्याआधी घ्यावी लागते. खासगी दवाखान्यात तिची किंमत रोजंदारी कामगाराच्या दिवसाच्या कमाईहून जास्त असते. क्षय आपल्या वस्त्यांतून अजून गेलेला नाही. आणि गोवर? गोवराचा एक रुग्ण, आसपास लस न घेतलेली माणसे असतील तर बारा ते अठरा जणांना लागण देऊ शकतो. २०२२ साली मुंबईत गोवर उसळला तो मलबार हिलवर नव्हे. तो उसळला गोवंडीत, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी. कोविडच्या धामधुमीत ज्यांचे डोस चुकले होते ती लेकरे गेली. ज्यांच्या आईबापांनी शहराचा कचरा वेचला त्यांच्या पोरांच्या छातीत ती साथ शिरली. हे वाचून ज्याचे रक्त तापत नाही त्याने माझा लेख इथेच मिटून ठेवावा.

आता मी तुमच्याशी कठोर बोलणार आहे. जो तुमचा अपमान सहन करत नाही, त्यालाच तुमची चूक दाखवण्याचा अधिकार असतो.

मास्क मिळाल्यावरही तो हनुवटीखाली लोंबतो, हे खरे की नाही? मुकादम दिसला की वर, मुकादम गेला की खाली, हे कोणाला फसवणे आहे? मुकादमाला की स्वतःच्या फुप्फुसाला? लसीने ताकद जाते, लसीने मूल होत नाही, अशा अफवा वस्तीत फिरल्या तेव्हा आपल्यातल्याच किती जणांनी त्या पुढे ढकलल्या? कामावरून आल्यावर कपडे न बदलता, हात न धुता लेकराला कडेवर घेणारे आपणच ना? तंबाखूचा बार भरून फुप्फुसाची उरलीसुरली ताकद जाळणारे आपणच ना? मी जाणतो, मेच्या उन्हात मास्कमध्ये जीव गुदमरतो. मी जाणतो, लेकराला लस टोचायला न्यायचे तर खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. ही कारणे खोटी नाहीत. परंतु कारण खरे असले म्हणून रोग माफी देत नाही. जी अडचण खरी आहे ती दूर करण्यासाठी भांडायचे असते. तिच्या आड लपून मरायचे नसते.

म्हणून ऐका, आपले कर्तव्य काय आहे.

स्वतःपुरते कर्तव्य हे की मास्क नाकावर चेपून, दोन्ही पट्ट्या डोक्यामागे नेऊन, कडेने हवा शिरणार नाही असा लावा. एन-९५ कधीही धुऊ नका. कागदी पिशवीत कोरडा ठेवा, ओला झाला, मळला, फाटला की बदला आणि बदलून मागा. खोकला, ताप असेल तेव्हा घरातही तोंड झाका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. घरापुरते कर्तव्य हे की लेकराचे लसीचे कार्ड रेशनकार्डाइतके जपा. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, सोळाव्या महिन्यानंतर दुसरा. एकही चुकू देऊ नका. वस्तीपुरते कर्तव्य हे की अफवा कानावर आली तर ती तुमच्यापाशी मेली पाहिजे. तुमच्या शेजारणीला आरोग्य केंद्रात जायला भीती वाटत असेल तर तिच्याबरोबर चालत जा. शंभरांतील पंचाण्णव मुलांना लस मिळाली तर गोवराला पाय ठेवायला जागा उरत नाही. त्या पंचाण्णवांची मोजणी तुमच्या गल्लीतून सुरू होते.

आणि सर्वांत मोठे कर्तव्य आहे मागणीचे. भीक मागतो तो हात पसरतो. हक्क मागतो तो कागद पुढे करतो. तुमच्या हाती कागद आहे, तो ओळखा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी स्पष्ट लिहिले की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कामगाराला गणवेश, चमकणारे जाकीट, हातमोजे, रेनकोट, योग्य पादत्राणे आणि मास्क मिळाले पाहिजेत, आणि ते मिळतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली. त्याच वर्षीच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी दवाखान्यांतला कचरा हाताळणाऱ्यांसाठी हिपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताची लस व वर्षातून एकदा आरोग्यतपासणी बंधनकारक केली. १९९५ साली अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कामगाराचे आरोग्य हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेही प्रकरण फुप्फुसांचेच होते! मग पालिका कंत्राटदाराकडे बोट दाखवते आणि कंत्राटदार पालिकेकडे, तेव्हा तुम्ही दोन्ही बोटांकडे कशासाठी पाहत बसता? तुमचा श्वास कायम आणि कंत्राटी असा दोन प्रकारचा आहे काय?

मागा! पुरेसे मास्क मागा, आठवड्याला एक नव्हे. उन्हाळ्यात मास्क काढून सावलीत श्वास घेता येईल असा विसावा मागा. पावसाळ्याआधी फ्लूची लस चौकीवर, कामाच्या वेळेत, विनामूल्य मागा. लस टोचण्याच्या दिवसाची आणि त्यानंतर ताप आला तर त्या दिवसाची भरपगारी रजा मागा. घराघरांतून येणारा आजाऱ्यांचा कचरा वेगळ्या, खूण केलेल्या पिशवीत मागा. आणि हे सारे एकट्याने मागू नका. एकट्याच्या अर्जाची चिंधी होते. पाचशे सह्यांचा अर्ज उघडून वाचावा लागतो. १८९६ साली तुमच्या पणज्यांनी शहर सोडले नाही, तरी ते सोडतील या नुसत्या विचाराने राज्यकर्त्यांना नमावे लागले. आज तुमच्याकडे संघटना आहे, कायदा आहे, मत आहे. ती ताकद वाढली की आटली, याचे उत्तर तुम्ही द्यायचे आहे.

माझ्या डोळ्यांपुढून ती खिळ्यांची ओळ अजून हलत नाही. त्या चिंधीचे बारीक, नेटके टाके हलत नाहीत. इतक्या कौशल्याचा, इतक्या चिकाटीचा हात ज्या समाजाकडे आहे, त्याने तुटलेले मास्क शिवत आयुष्य काढायचे काय? उद्या पहाटे हजेरीला जाल तेव्हा आपल्या खिळ्यावर जे टांगले आहे ते नीट पाहा. फाटका मास्क खाली काढा आणि मुकादमाच्या टेबलावर ठेवा. शेजारच्या खिळ्यावरचाही ठेवा, त्याच्या शेजारचाही. त्यावर आपली मागणी लिहा, तारीख घाला, सगळ्यांनी सह्या करा आणि पोच घ्या. ज्या दिवशी एका बहिणीला मास्क मिळाला नाही त्या दिवशी सगळी चौकी तिच्या बाजूने उभी राहिली पाहिजे. खराटा उचलायचा तो झाकलेल्या नाकाने आणि ताठ मानेने.

उठा. शहराला आपली गरज आहे हे शहराला ठाऊक आहे. आता ते आपणही ओळखू या.